दुसरी बादली

नव्या रायपूरच्या त्या सेक्टरात कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत यायची आणि दारोदार थांबायची. वनमालाबाई बोंडेंच्या दारापुढे मात्र ती थांबत नसे. थांबून करणार काय? गाडीवरच्या बाईनं सुरुवातीला हाका मारून पाहिल्या. वनमालाबाई दारात आल्या, कंबरेवर हात ठेवला आणि "नहीं है" म्हणून आत गेल्या. असं रोजच व्हायला लागलं, तेव्हा त्या बिचारीनं शेजारी चौकशी केली, की या घरात चूल पेटते की नाही.

चूल पेटत होती आणि चार माणसं पोटभर जेवत होती. वनमालाबाई, रेल्वेतून रिटायर झालेले त्यांचे यजमान शालिग्रामजी, मंत्रालयात नोकरीला असलेला मुलगा नीलेश आणि सून रूपाली. पण या घरात एखादी वस्तू बाहेर जायची म्हणजे तिला आधी वनमालाबाईंची परवानगी लागायची, आणि ती काही मिळत नसे. भाजीची सालं मागच्या अंगणातल्या मडक्यात पडायची आणि खत होऊन निघायची. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. साडी विरली की तिची पिशवी, पिशवी फाटली की पायपुसणं, पायपुसण्याचा जीव गेला की नीलेशची गाडी पुसायची चिंधी. भिजवलेल्या डाळीला दणदणीत उकळी आली की बाई पातेलं गॅसवरून उतरवायच्या, जुन्या गोधडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायच्या, आणि जेवायच्या वेळेपर्यंत डाळ आपली आपण शिजलेली असायची. शेजारणी हे पाहायला यायच्या, कौतुक करायच्या आणि घरी जाऊन कुकर लावायच्या.

"दात कोरून पोट भरत नाही," असं शालिग्रामजी पेपरामागून म्हणत. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, की भरत नसन, पण दात तर साफ राहते. म्हातारा हसायचा आणि गोधडीतली डाळ दोनदा वाढून घ्यायचा.

पाण्याच्या बाबतीत मात्र थट्टा चालत नसे. पाण्यानं घराबाहेर पडायच्या आधी दोन कामं केलीच पाहिजेत, हा त्या घरचा कायदा. तांदळाच्या धुवणात भाजी धुवायची, मग ते झाडाला. कपडे खळबळलेल्या पाण्यानं फरशी. न्हाणीच्या नळीखाली एक घमेलं कायमचं बसवलेलं होतं, अंघोळीचं पाणी त्यात पडायचं आणि तिथून अंगणात. हा कायदा बाईंनी हौसेनं केला नव्हता. जुन्या रायपुरात रेल्वेच्या क्वार्टरात संसार काढला, तेव्हा नळ पहाटे थोडा वेळ यायचा आणि खोकल्यासारखा आवाज करून बंद व्हायचा. टाकी भरली तर भरली. त्या टाकीवर दोन लेकरं, ड्युटीवरून काळाकुट्ट होऊन येणारा नवरा आणि आला-गेला निभवायचा. थेंबे थेंबे तळे साचे हे पुस्तकात वाचायला बरं असतं, बाईंनी ते कंबर मोडून साचवलं होतं. आता इथे चोवीस तास नळाला पाणी होतं. पण सवय ही अशी चीज आहे, की कारण निघून गेलं तरी ती घरातच राहते.

लेक क्षमा पुण्याला दिली होती. तिथेच ती नोकरीही करायची. लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि बातमी आली, की दिवस गेले आहेत आणि जेठात, ऐन उन्हाळ्यात, बाळ होईल. वनमालाबाईंनी फोन ठेवला आणि सरळ पलंगाखालची ट्रंक ओढली. त्या ट्रंकेत त्यांच्या जुन्या सुती साड्या होत्या. या एवढ्याच साड्यांची पिशवी झाली नव्हती. धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या, क्षमाच्या बाळाच्या दुपट्यांसाठी राखलेल्या. नव्या जिवाला नवं कापड टोचते, जुनंच पाहिजे, असं त्यांची आई म्हणायची. क्षमा कॉलेजात होती तेव्हापासून त्या साड्या तिथे होत्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय असतं? बाईंनी विचारलंच नाही, केव्हा येतेस एवढंच विचारलं. तर पलीकडून क्षमा जरा अडखळली. जेठात तिथे फार गरम असतं, म्हणाली. एसी नाही. इथे सासूबाई म्हणतात, आम्हीच करू सगळं. दवाखाना जवळ आहे, बाई मिळते मालिशला. पुण्याला राहून तिची मराठी धुतल्या तांदळासारखी झाली होती, आणि त्या स्वच्छ मराठीत ती आईला नाही म्हणत होती.

त्या दिवशी वनमालाबाई जेवल्या नाहीत. चार बायकांत काय तोंड दाखवू, असं त्या शालिग्रामजींना म्हणाल्या. पण खरं दुःख ते नव्हतं. लेकीला तेल लावायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, हे सगळं दुसरी कोणी बाई पैसे घेऊन करणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

नीलेश गुणाचा पोट्टा. म्हणाला, एसी लावून टाकतो, विषय खतम. बाई म्हणाल्या, एसीची हवा बाळंतिणीच्या कानात शिरते. तसं शास्त्र कुठे लिहिलेलं नाही. त्यांना एसी नको होता, कारण विकतच्या गारव्यासाठी लेक आली तर त्यात आईचं काय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हट्टच म्हणायचा. त्यांनी पुण्याला फोन केला आणि क्षमाला सांगितलं, की डोहाळजेवणाला चैतात चार दिवस ये. खोली पाह्य. थंडगार नसली तर खुशाल वापस जा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. क्षमानं कबूल केलं. मात्र परतीचं तिकीट काढूनच येईन, म्हणाली.

खोली पश्चिमेची होती. ज्यानं हे घर बांधलं त्यानं रायपूरचा उन्हाळा नकाशात दाखवलेला नसावा. दुपार उतरली की त्या भिंतीवर पापड भाजता यायचा, आणि रात्र पडली तरी ती आतल्या बाजूनं गरम हवा सोडत राहायची. वनमालाबाईंनी पदर खोचला. अभनपूरच्या बाजारातून त्यांनी दुधी भोपळ्याचं बी आणलं. हा वेल भिंत झाकेल का, असं विकणाऱ्याला तीनतीनदा विचारलं. तो प्रत्येक वेळी हव, म्हणजे हो, म्हणाला. भिंतीपासून हातभर सोडून बांबूंचा मांडव बांधला, वेल दोरीनं वर चढवला, मडक्यातलं खत आळ्यात घातलं. छताला चुन्यात गोंद कालवून पांढऱ्याफेक रंगाचे दोन हात दिले. ते काम नीलेशनं सुट्टीच्या दिवशी केलं आणि दिवसभर डोळे चोळत बसला. गोल बाजारातून खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी आली, ती खिडकीला बसली. या सगळ्याचा खर्च एसीच्या पासंगालाही पुरला नसता, हे बाईंनी घरात सगळ्यांना वेगवेगळं गाठून सांगितलं.

होळीपर्यंत वेलानं अख्खी भिंत झाकली. पांढरी फुलं आली, हाताच्या बोटाएवढे भोपळे लोंबायला लागले. भिंतीला आतून हात लावला तर ती खरंच निवलेली असायची. शालिग्रामजींनी न सांगता आपली दुपारची खाट त्या खोलीत हलवली. याहून मोठं सर्टिफिकेट बाईंना नको होतं.

आणि नेमकं तेव्हाच घरात कपडे धुवायचं मशीन आलं. रूपालीची नोकरी, येण्याजाण्याचे हाल, बसचा पत्ता नाही. तिनं घेतलं यात तिचं चुकलं नव्हतं. बाईंनीही कुरकुर केली नाही. त्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र त्यांना पाहवेना. एवढं पाणी, एकच काम करून, सरळ नालीत! दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनची नळी वळवली आणि वेलाच्या आळ्यात सोडली.

रूपाली रायपुरातच वाढलेली मराठी पोर. मराठी सगळी कळायची, उत्तर हिंदीत द्यायची. ती म्हणाली, "आई, इस पाउडर में सोडा रहता है. बेल जल जाएगी. ये वाला पानी जाने दो."

बाईंना ते लागलं. आजवर कपड्यांच्या पाण्यावरच झाडं वाढवली, असं त्यांनी सुनावलं, आणि पाणी ते पाणी, वर हेही. आता, ती झाडं वाढली तेव्हा घरात रिठा होता आणि साबणाची वडी होती, हे त्यांच्या लक्षात यायला पाहिजे होतं. आलं नाही. ज्या कायद्यावर आयुष्य काढलं, तो चुकू शकतो हे माणसाला सुचतच नाही.

पंधरवड्यात खालची पानं पिवळी पडली. बाई म्हणाल्या, उन्हाची झळ लागली. मग कडा करपल्या. बाईंनी पाणी वाढवलं, म्हणजे तेच पाणी वाढवलं. मग एके सकाळी त्या अंगणात गेल्या तर वेल मांडवावर मान टाकून पडला होता, आणि बोटाएवढे भोपळे काळे पडून खाली गळले होते. आळ्यातली माती पांढुरकी झाली होती. बाई तिथेच बसल्या. पहिल्यांदा मनात आलं ते रूपालीच्या पावडरीवर खापर फोडायचं. पण सांगितलं तिनंच होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? क्षमा यायला आठवडाही उरला नव्हता.

दुपारी भिंत तापली. शालिग्रामजींनी खाट उचलली आणि बैठकीत नेली. संध्याकाळी नीलेशनं पुन्हा एसीचं काढलं. या खेपेला बाईंनी नको म्हटलं नाही, उद्या सांगते म्हणाल्या. घरात सगळ्यांना वाटलं, म्हातारी हरली.

सकाळी उठून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. राखलेल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या. त्यांतली सगळ्यात मऊ, एकच, बाजूला ठेवली. बाकीच्या उचलून अंगणात आणल्या, वाळलेला वेल ओढून काढला आणि त्या रिकाम्या मांडवावर साड्या बांधायला सुरुवात केली. हात पुरेना. तेवढ्यात मागून कोणीतरी साडीचं दुसरं टोक धरलं. रूपाली होती. मी म्हटलं होतं ना, असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता, पण तिनं साडीचं टोक बांबूला आवळून बांधलं. सासू-सुनेनं मिळून भिंत मढवली आणि तिच्यावर पाण्याचा पाइप सोडला. गरम वारा ओल्या सुतातून आत गेला की थंड होऊन जायचा. दुपारी शालिग्रामजींची खाट परत त्या खोलीत आली. उन्हात साड्यांचे रंग उडतील, सूत कुजेल, दुपट्यांच्या कामाचं उरणार नाही, हे बाईंना कळत होतं. आधी लेक तर येऊ दे, दुपट्यांचं मग पाहू.

क्षमा आली. विमानतळ इथून जवळच, नीलेश घेऊन आला. पोट चांगलं दिसत होतं, पाय सुजले होते. अंगणातली ती रंगीबेरंगी ओली भिंत पाहून ती थबकली. मग जवळ जाऊन एकेका साडीला हात लावत गेली. ही तू माझ्या बारावीच्या निकालाला नेसली होतीस. ही आजी गेली तेव्हाची. खोलीत गेली, भिंतीला तळहात लावला आणि खूप वेळ तसाच ठेवला. बाई दारातून पाहत होत्या. जिंकलो, असं त्यांना वाटलं.

डोहाळजेवण थाटात झालं. सेक्टरातल्या बायका आल्या, ओटी भरली, गाणी झाली, अनारसे खाऊन सगळ्या तृप्त झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघीच खोलीत होत्या. क्षमा खाटेवर आडवी, बाई तिचे पाय चेपत. त्यांनी विचारलं, आता तर राहशील ना?

"खोली थंड आहे, आई," क्षमा म्हणाली. "खोलीचं नाही आहे काही."

"मंग काहून?"

मग क्षमानं सांगितलं. क्वार्टरात असतानाची गोष्ट. ती सहावी-सातवीत असेल. शाळेत कसला तरी कार्यक्रम होता आणि ती केस धूत होती. डोक्यात शिकेकाई तशीच, बादली संपली. तिनं आणखी पाणी मागितलं. बाईंनी टाकीत वाकून पाहिलं आणि नाही म्हटलं, बाबा ड्युटीवरून यायचे आहेत. ती तशीच चिकट केसांनी शाळेत गेली. पोरी नाक दाबून हसल्या. हे सगळं सांगताना तिची पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली.

"ते बी मी विसरली असती, आई. पण घरी आली, तर तू ते खाली पडलेलं पाणी तुळशीले घालून राहिली होती. मले वाटलं, तुळशीले भेटते, मले नाही. अजून बी इथे नळ सोडला का मले भीती वाटते. बाळ झाल्यावर किती पाणी लागते. मी दरवेळी तुले मागू कशी?"

वनमालाबाईंचे हात थांबले. त्यांना तो दिवस आठवेना. नळाचा खोकला आठवला, टाकीचा तळ आठवला, शालिग्रामजींचे काळे हात आठवले. चिकट केसांची पोरगी काही केल्या आठवेना, आणि त्याचंच त्यांना फार वाईट वाटलं. तेव्हा पाणीच नव्हतं, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण आता चोवीस तास पाणी होतं, आणि घमेलं तरीही नळीखालीच होतं.

त्या उठल्या. न्हाणीत गेल्या, नळीखालचं घमेलं काढून अंगणात पालथं घातलं. एक बादली काठोकाठ भरली. मग दुसरी भरली, तीही काठोकाठ. तेल आणि शिकेकाई काढून ठेवली. क्षमाला म्हणाल्या, "जा, डोकं धू. दोन्ही बादल्या तुह्याच. लागलं तर नळ आहे."

दार लागलं. बाई बाहेर दाराशी बसल्या. आतून तांब्याचा आवाज येत होता, आणि पाणी एकच काम करून नळीतून बाहेर जात होतं. बाईंना ते ऐकवत नव्हतं, हे खोटं कशाला बोला? पण बसून राहिल्या. क्षमा केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली, बरं वाटलं म्हणाली आणि खोलीत गेली.

बाई न्हाणी आवरायला आत गेल्या. पहिली बादली रिकामी होती, पालथी घालून ठेवलेली. दुसरी तशीच होती. काठोकाठ भरलेली, तिच्यात तांब्यासुद्धा बुडाला नव्हता. दोन्ही तुझ्याच म्हणून सांगितलं, तरी पोरीनं एकीतच डोकं धुतलं, एकीतच अंग धुतलं आणि दुसरी आईसाठी वाचवून ठेवली. आयुष्यभर वाचलेलं पाणी पाहून वनमालाबाईंना समाधान वाटायचं. आज त्या भरल्या बादलीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आलं.

"क्षमा," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. बस पाटावर."

"झालं माझं, आई."

"झालं नाही. शिकेकाई राह्यली केसात."

राहिली नव्हती. क्षमालाही ते माहीत होतं. तरी ती आली, पोट सांभाळत पाटावर बसली आणि मान खाली घातली. बाईंनी तांब्या बुडवला आणि तिच्या डोक्यावर ओतला. मग आणखी एक. एका हातानं ओतायच्या, दुसऱ्या हातानं केस मोकळे करायच्या, जसं बाळंतिणीला न्हाऊ घालतात तसं, सावकाश, पाठीवरून, खांद्यांवरून. क्षमाचे खांदे हलायला लागले. बाईंनी ओतायचं थांबवलं नाही. बादली संपली तेव्हा हात लांब करून त्यांनी नळ सोडला.

"दादाले सांग," क्षमा खाली मान घालूनच म्हणाली, "परतीचं तिकीट कॅन्सल कर म्हणा."

वनमालाबाई हूं म्हणाल्या आणि तांब्या पुन्हा भरला. बाहेर पाणी नळीतून पडत होतं. ते वेलाच्या रिकाम्या आळ्यात गेलं की फाटकाखालून रस्त्यावर गेलं, हे त्यांनी पाहिलं नाही.